चौघांत आधी कोण उठतो

केरमान
२० मेहेर १३९०, बुधवार

प्रिय फरामर्ज जान,

सलाम. तू, ताहेरे वहिनी आणि लहानगी खुशाल असाल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. माहरुखची पाठ अधूनमधून धरते, पण जिभेला कसलाही त्रास नाही. आमचा कियान आता तीन वर्षांचा झाला आणि दिसेल त्या यंत्राचे स्क्रू काढतो. पिस्त्याचं पीक यंदा बरं आहे म्हणतात. तुझ्या आईला आवडतात म्हणून कोलोंपेचा, त्या खजूर भरलेल्या बिस्किटांचा, एक डबा या पत्राबरोबर पाठवतोय. खजूर यंदाचाच आहे.

काशानमध्ये तू टायपिंगच्या वर्गात शिकवतोस, आणि गुलाबाच्या दिवसांत सासऱ्यांच्या गुलाबपाण्याच्या भट्टीवरही बसतोस, असं कानावर आलं. इथल्या विद्यापीठाने तुझा नोकरीचा अर्ज दुसऱ्यांदा परत पाठवला, हेही कळलं. कोणी सांगितलं ते महत्त्वाचं नाही. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम मिठाईचा डबा, म्हणजे काहीतरी गडबड आहे हे तू ओळखलंच असशील.

तर बातमी अशी की आपलं जुनं यंत्र गेलं. आपल्या भूकंपमापन केंद्राला नवीन मिळालं, आणि आपल्या जुन्या चार प्रोसेसरवाल्याला तळघरातल्या भांडारात ढकललं. भंगारात काढायच्या आधी उघडून त्यातलं काय कामाचं आहे त्याची यादी कर, असं आपले साहेब, मोहंदेस सालारी, यांनी मला सांगितलं. "सियामक, तुझ्याइतकं त्याच्या पोटातलं कोणाला माहीत आहे?" असं म्हणाले. ते अगदी सहज बोलले.

मी ते उघडलं. चारी प्रोसेसरवरचे धातूचे ठोकळे काढले, वरचा पांढरा लेप पुसला आणि चष्मा लावून कोरलेले आकडे वाचले. तिघांचा आकडा एक. चौथ्याचा वेगळा. दिसायला चौघं सारखे, मापही तेच, खोबणीत बसतोही तसाच, पण चौथा एक पिढी जुना.

तू असतास तर एवढ्यावरच यादी बंद केली असतीस. मला मात्र स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नव्हता. तुझं कर्नेल, यंत्राला उठवून कामाला लावणारा तो मूळ प्रोग्राम, कपाटातल्या तबकडीवर अजून होतं. आम्ही ते काढून टाकलं होतं, पण फेकायचं धाडस कोणी केलं नव्हतं. ते मी परत चढवलं. मग तीन दिवस, रोज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, भांडारात बसून यंत्र चालू-बंद केलं. एकूण एकेचाळीस वेळा. गार असताना, आणि गरम असताना. गरम करायला माहरुखचा केस वाळवायचा पंखा नेला होता. घरी तो सापडेना तेव्हा तिने मला पकडलं.

"टक्कल पडलेल्या माणसाला हा कशाला लागतो?" तिने विचारलं.

मला खोटं सुचेना. म्हणून तिला सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं. तुझ्यासाठी ही बाराखडी आहे, पण तिला जसं सांगितलं तसंच लिहितो.

मी म्हटलं, "यंत्राचं बटण दाबलं की आतले चार प्रोसेसर एकदम डोळे उघडतात. पण घर अजून मांडलेलं नसतं. दिवा नाही, चूल नाही, कोणाची जागा कोणती ते ठरलेलं नाही. चौघं एकदम कामाला लागले तर नुसता गोंधळ. म्हणून त्या पहिल्या क्षणी ठरतं की पुढे कोण होणार. एक जण पुढे होतो, बाकीचे तिघं परत झोपतात."

"आणि आपल्याकडे दारात दोन माणसं भेटली की 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत जेवण गार होतं," माहरुख म्हणाली.

"तिथे हा निकाल डोळ्याचं पातं लवायच्या आत लागतो. मग तो पहिला एकटा सगळं घर मांडतो. आधी स्वतःकडे बघतो: मला काय काय येतं? आणि धरून चालतो की जे मला येतं ते उरलेल्या तिघांनाही येतं, कारण चौघं सारखेच असणार. त्या भरवशावर तो पुढची कामं लिहून ठेवतो. मग एकेकाला नावाने हाक मारतो. दुसरा ऊठ. तिसरा ऊठ. हा सगळा कारभार कर्नेल करतं, आणि ते फरामर्जने आपल्या हाताने बांधलं होतं."

ती कांदा चिरायची थांबली होती. "आणि चौघं सारखे नसतील तर?" तिने विचारलं.

फरामर्ज, हिने नववीनंतर गणिताचं पुस्तक उघडलेलं नाही. यंत्र का पडतं याची तेव्हा चौकशी करणाऱ्या आख्ख्या समितीला जो प्रश्न पडला नाही तो हिला कांदा चिरताना पडला.

एकेचाळीस वेळांचा निकाल असा. पडद्याच्या तिसऱ्या ओळीत पहिल्या उठलेल्याचा क्रमांक येतो, तो मी दर वेळी लिहून घेतला. जुना प्रोसेसर आधी उठला की स्वतःचं तुटपुंजं ज्ञान बघून तो सगळ्यांना बेताची कामं देतो, आणि यंत्र सुरळीत चालू होतं. तरण्या तिघांपैकी कोणी आधी उठला की तो आपल्या नव्या विद्येने घर मांडतो, जुन्याला हाक मारतो, जुना उठतो, समोरची ओळ वाचतो, आणि ती त्याला येत नाही. तिथेच सगळं कोसळतं. गार असताना बहुतेक वेळा जुनाच आधी उठतो. तापलेला असला की मागे पडतो. पण जुना आधी उठला की चालू आणि तरणा आधी उठला की कोसळणार, याला एकेचाळीसात एकही अपवाद नाही.

विसाव्या वेळेनंतर तिसरी ओळ आली की पुढे काय होणार ते मी आधीच सांगू लागलो. पस्तिसाव्या वेळी माझ्या अंगावर काटा आला, आणि तो यंत्रामुळे नव्हता. हे तू तीन वर्षांपूर्वी एकही स्क्रू न काढता सांगितलं होतंस.

मला तो दिवस अजून दिसतो. मोर्दादचा महिना, ऐन उन्हाळा, रोज दोन तास वीज जायची, बॅटऱ्या कधीच्याच मेलेल्या. वीज परत आली की यंत्र गरमच असताना उठायला बघायचं आणि बंद पडायचं. पडताना पडद्यावर आकड्यांची रांग टाकून जायचं. ती कुठे साठवता येत नव्हती, म्हणून मी वाचायचो आणि तू कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घ्यायचास. सोळा सोळा आकडे, चार ओळी. एकदा मी पाचाचा सहा वाचला तेव्हा तू मान वर न करता म्हणालास, "परत बघ, तिथे सहा असू शकत नाही." मी परत बघितलं. पाचच होता. मी त्या दिवशी हसण्यावारी नेलं, पण खरं सांगतो, मला तुझी भीतीच वाटली होती.

मग त्या आकड्यांवरून यंत्र कर्नेलमधल्या कुठल्या जागी अडलं तो पत्ता तू तुझ्या जाड वहीत शोधलास, त्या जागी काय काम चाललं होतं ते काढलंस, आणि बराच वेळ चहा समोर ठेवून बसलास. "इथे चूक नाहीये सियामक," तू म्हणालास. "शब्द बरोबर आहे. वाचणाऱ्याला तो येत नाही."

मला तेव्हा ते समजलं नाही, असं मी तुला भासवलं.

गुरुवार

काल इथे थांबलो. वरचं वाक्य लिहून झाल्यावर कागद घडी करून खिशात ठेवला आणि भाजी आणायला गेलो. घरात भाजी होती.

आता सरळ लिहितो. त्याच्या दोन महिने आधी, खोर्दादमध्ये, एक प्रोसेसर जळाला होता, आठवतं? सरकारी मार्गाने नवीन मागवायचा तर चार सह्या आणि दोन महिने. सालारी रजेवर होते. मी म्हटलं, कशाला वाट बघा, आपल्या माणसाकडून आणू. माहरुखचे हाजी नुस्रतमामा दुबईहून जुने सुटे भाग आणून विकतात. त्यांच्या दुकानात गेलो. तुलाही माहीत आहे तिथे काय होतं. आधी चहा, मग दुसरा चहा, मग सासूबाईंची चौकशी. मग मामांनी कपाटातून एक डबी काढली आणि म्हणाले, "घे बेटा, तुझ्यापुढे याची काय किंमत. असाच घेऊन जा." मी नको नको म्हटलं, त्यांनी शपथ घातली, मी परत नको म्हटलं, आणि शेवटी त्यांनी डबी माझ्या कोटाच्या खिशात कोंबली.

डबी उघडून आतला आकडा बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण त्यांच्यासमोर उघडणं म्हणजे म्हातारबुवांना तोंडावर सांगणं की तुमच्या मालाचा मला भरवसा नाही. सख्खा भाचा असतो तर चाललं असतं, मी पडलो भाचीचा नवरा. मी हात छातीवर ठेवून वाकलो आणि निघालो. केंद्रात आल्यावर तरी बघायचं. पण सुट्टीचा दिवस, घाई, आणि कुठेतरी असंही वाटलं की मागे बघणं हेही अपमानासारखंच. लेप लावला, ठोकळा दाबून बसवला. नोंदवहीत काही लिहिलं नाही, कारण सह्या नव्हत्या.

यंत्र चालू झालं. जुन्या कर्नेलला नवी विद्या वापरायची नव्हतीच, त्यामुळे महिनाभर सगळं ठीक. मग पुढच्या महिन्यात, तीरमध्ये, तू तुझं नवं कर्नेल चढवलंस, भूकंपाची जागा काढायचा वेळ नऊ मिनिटांवरून चारवर आणलास, आणि यंत्र पडायला लागलं. कोणालाही विचार, दोष कोणाचा दिसतो?

दर्रे-अनार गावाला भूकंपाचा धक्का बसला तेव्हा वीज नुकतीच आली होती. पन्नास मिनिटं आपण ते यंत्र उठवत होतो. जागा कळायच्या आत मदतीच्या गाड्या भलत्याच दरीत गेल्या. भिंतीखाली अडकलेल्या, गालिचे विणणाऱ्या त्या बाईचा हात तेवढ्या उशिरामुळे गेला. तू तिला इस्पितळात भेटायला गेलास. मी गेलो नाही. का गेलो नाही ते तुला तेव्हाच कळलं असणार.

कारण चौकशीच्या आदल्या दिवशी तू मला तो कागद दिलास. सालारींना नाही, समितीला नाही, मला. जिन्यात, हातात हात घेतल्यासारखं करून. मला तो पाठ आहे. "सियामक जान, माझा अंदाज आहे की चौघांपैकी एक बाकीच्यांसारखा नाही. खोर्दादमध्ये बसवलेला उघडून बघ, वरचा आकडा जुळतो का. जुळत नसेल तर उद्या तूच सांग, तुझ्या तोंडून आलेलं बरं दिसेल. अंदाज चुकला तर कागद फाडून टाक."

मी उघडून बघितलं नाही. कागद फाडला.

तू मला वाट मोकळी करून दिली होतीस आणि मी तीच बंद केली. बघितलंच नाही तर माहीत नाही, आणि माहीत नाही तर खोटं कसलं, असा माझा हिशेब. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला रात्रंदिवस त्या चौथ्या ठोकळ्याशिवाय काही दिसत नव्हतं, तरी मी स्वतःला सांगत होतो की मला काही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या जाड भिवयांच्या अध्यक्षांनी विचारलं, "यंत्राच्या आतल्या कुठल्या भागात बदल झाला होता का?" मी म्हटलं, "नाही." तू माझ्या शेजारी होतास. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता हा बोलणार. माहरुखला तेव्हा सातवा महिना होता, नोकरी गेली तर काय, याचंच गणित मी मनात करत होतो. मग अध्यक्षांनी तुला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" तू म्हणालास, "कर्नेल मी बांधलं. ते चढवायच्या आधी मी पुरेसं तपासायला हवं होतं."

हे खोटं नव्हतं. तू एक अक्षर खोटं बोलला नाहीस. फक्त माझं नाव घेतलं नाहीस.

मग तुझं कर्नेल काढून टाका आणि यंत्र एकाच प्रोसेसरवर चालवा असं ठरलं, बाकीचे तिघं कायमचे झोपवले, आणि अर्थातच ते पुन्हा कधी पडलं नाही. बघा, फरामर्जचंच कर्नेल वाईट होतं, असं सगळे म्हणाले. मी मूग गिळून बसलो. तुझ्या फाइलवर 'गंभीर निष्काळजीपणा' असा शिक्का बसला, आणि तोच शिक्का विद्यापीठाने दोनदा वाचला.

तुझं यंत्राबद्दलचं डोकं मोठं आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. बंद पेटीतलं, डोळ्यांना न दिसणारं, एका क्षणाच्या हजाराव्या भागात घडलेलं, ते तू चार ओळींच्या आकड्यांवरून बघितलंस. त्याचं नवल मी करतच आलोय. पण भांडारात एका खोक्यावर बसलो असताना मला दुसरंच सुचलं. तू माझ्याही आत तसंच बघितलं होतंस. मी काय केलं, का केलं, आणि उद्या विचारलं तर काय म्हणेन, सगळं. तरीसुद्धा आदल्या दिवशी तू तो कागद मलाच दिलास. एवढं दिसत असताना माणूस एवढा चांगला कसा राहतो, हे मला कळत नाही. त्या दिवशी मी भांडाराच्या फरशीवर बसून रडलो. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, हातात केस वाळवायचा पंखा घेऊन.

सगळं ऐकल्यावर माहरुखने चिरलेला कांदा बाजूला सारला. मग तिने एवढंच विचारलं, "मामांसमोर डबी उघडली असतीस तर काय झालं असतं?"

"मामा दुखावले असते."

"किती दिवस?"

मी म्हटलं, "आठवडाभर. ईदला गेलो असतो की विसरले असते."

"आणि फरामर्जला काशानला जाऊन किती दिवस झाले?" ती म्हणाली, आणि उठून भात लावायला गेली.

मंगळवारी मी मामांकडे गेलो. चहाला हात लावायच्या आधीच विचारलं. ते आता थकलेत, ऐकायला कमी येतं, पण डबी त्यांना लख्ख आठवत होती. "तो जुन्या धाटणीचा होता, मला माहीत होतं," ते म्हणाले. "तसा एकच होता माझ्याकडे. अरे, तू इंजिनियर. तुला हवा तोच तू घेतोयस असं मला वाटलं. मी दुकानदार माणूस, तुला शिकवायला लागलो असतो तर तुला काय वाटलं असतं?" मग चहाचा पेला माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं की."

मी विचारलं नाही कारण त्यांना वाईट वाटलं असतं. त्यांनी सांगितलं नाही कारण मला वाईट वाटलं असतं. घरी येताना बसमध्ये मला हसू आलं, आणि शेजारच्या बाईने पोराला जवळ ओढून घेतलं.

आता मुद्द्याचं. काल सकाळी मी समितीच्या कचेरीत लेखी निवेदन दिलं. खोर्दादमधला बदल, त्याची नोंद केली नाही ते, तुझा कागद, मी तो फाडला ते, आणि चौकशीत दिलेलं माझं उत्तर. एकेचाळीस नोंदी जोडल्या आहेत, चारी प्रोसेसरची छायाचित्रंही. मामांचं नाव लिहिलं नाही, 'बाजारातून आणला' एवढंच लिहिलं. चूक विकणाऱ्याची नव्हती, न बघणाऱ्याची होती. निवेदनाची शिक्का मारलेली प्रत या पाकिटात आहे. मूळ प्रत तुझ्या फाइलला लागेल आणि नवं पान माझ्या फाइलला. शनिवारी समिती बसेल. सालारींना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "तुझी खुर्ची जाईल, कल्पना आहे ना?" मी हो म्हटलं. त्यांनी निरोपाला हात पुढे केला नाही.

एक प्रत विद्यापीठातही नेऊन दिली आहे. तिथल्या कारकुनाने वाचून विचारलं, "हे तुम्ही स्वतःविरुद्ध का लिहिताय?" मी म्हटलं, उशीर झाला म्हणून. त्याला काही कळलं नाही, पण पोच दिली.

हे पत्र मी आधी पाठवू शकलो असतो. परवाच पाठवलं असतं तर आजपर्यंत तुझ्या हातात पडलं असतं. मुद्दाम पाठवलं नाही. कारण तू वाचताक्षणी फोन केला असतास आणि म्हणाला असतास, सियामक, जाऊ दे, तुझं पोर लहान आहे, मला काशान मानवलंय. आणि मी ऐकलं असतं. तुझ्या चांगुलपणाचा फायदा मी एकदा घेतलाय, दुसऱ्यांदा घ्यायला मला जराही वेळ लागला नसता. म्हणून आधी कागद दिला, मगच तुला लिहायला बसलो. आता तू काहीही म्हणालास तरी ते परत मिळत नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील.

विद्यापीठाने बोलावलं की तुझं कर्नेल लिहिलेली ती तबकडी मागून घे. मी ती भंगारात जाऊ दिलेली नाही. तुझ्या नावाची चिठ्ठी लावून सालारींच्या कपाटात ठेवली आहे, आणि चिठ्ठीवर लिहिलं आहे: यात चूक नाही.

सियामक कुहेस्तानी
देखभाल अभियंता, निदान शनिवारपर्यंत